राहिलेला वाल

गटाच्या मतदानात कुणालाच मत न देण्याची सोय असावी, ही मागणी माझी होती. दुसऱ्या कोणाची नव्हे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून कोणाला तरी माझी दया यायची, आणि दया आली की माझी आणखीच पंचाईत होते.

पेणला आमचा पापडांचा गट आहे. पोह्याचे पापड, मिरगुंडं, उन्हाळ्यात थोड्या कुरडया. आम्ही अकरा बायका. गटाच्या अध्यक्षीणबाई म्हणजे निवृत्त शिक्षिका, त्यांच्याच घराच्या पडवीत आम्ही लाटायला बसतो आणि वर गच्चीवर पापड वाळत घालतो. बाईंना सगळ्या बाईच म्हणतात. बाकीच्या एकमेकींना माहेरच्या गावावरून हाक मारतात, ही इथली जुनी सवय. कोणी गागोद्याची, कोणी गडबची. मी नागोठण्याची. माझी थोरली जाऊही गटात आहे, तिला मी जाऊबाई म्हणते, कारण दिवसभर पडवीत आणि उरलेला वेळ एकाच घरात आम्ही एकत्र असतो आणि मला तिचा धाक आहे. आणि एक निडीची. सहा वर्षं तिचं पोळपाट आणि माझं पोळपाट शेजारी शेजारी.

निडीची ही गटातली सगळ्यात चांगली लाटणारी. मी गटात आले तेव्हा माझा पापड कडेला जाड आणि मध्ये फाटका व्हायचा. तिने माझ्या मनगटावर हात ठेवून मला लाटायला शिकवलं. "जोर नको लावू गो, पापड काय पळून जात नाय," असं म्हणायची. माझा स्वभाव असा घाबरट, आणि तिचा असा सरळ, की तिच्या शेजारी बसलं की मला जरा बरं वाटायचं.

आता मतदानाचं सांगते. हात वर करून मत घ्यायचं म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांचे हात वर होतात. कोण कोणाच्या तोंडावर नाही म्हणणार? संध्याकाळी त्याच गल्लीतून घरी जायचं असतं. म्हणून बाईंनी एक पद्धत काढली. प्रत्येकीने एक वाल आणि एक चिंचोका घ्यायचा. वाल म्हणजे हो, चिंचोका म्हणजे नाही. समोर एक मडकं आणि एक टोपलं, दोन्हींवर फडकं. फडक्याखाली हात घालून मत असेल ते मडक्यात टाकायचं आणि उरलेलं टोपल्यात. वाल चपटा, चिंचोका गुळगुळीत आणि जड, न बघता बोटांना कळतं. शेवटी बाई मडकं ताटात उपडं करायच्या. ज्या बायकांना कागदावर फुली मारायचीसुद्धा धास्ती वाटायची त्या यात आनंदाने हात घालायच्या.

पहिल्यांदा माझं बिनसलं ते मशीनवरून. पापड दाबायचं मशीन घ्यावं की नको, यावर मत होतं. जाऊबाईंना मशीन हवं होतं, त्यांचा खांदा दुखायचा. मला नको होतं, मशीनच्या पापडाला हाताची चव नाही असं मला वाटायचं. मी चिंचोका टाकला. मशीन काही मंजूर झालं नाही. घरी आल्यावर जाऊबाईंनी चहाचं आधण ठेवता ठेवता सरळ विचारलं, तू काय टाकलंस? आता मत गुप्त होतं, मी काहीही सांगू शकले असते. पण माझ्या तोंडावर सगळं उमटतं. लहानपणी आईने विचारायच्या आधीच मी रडायची. जाऊबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गॅस बारीक केला. त्यानंतर महिनाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. कढीपत्ता हवा असला तरी मुलीला सांगायच्या, जा, काकूकडून चार पानं आण. आणि कढीपत्त्याचं झाड दोघींच्या मधोमध, अंगणात.

त्या महिन्यात माझं वजन कमी झालं. खोटं नाही सांगत. म्हणून पुढच्या सभेत मी धीर करून उभी राहिले आणि म्हटलं की तिसरी सोय पाहिजे. जिला मत द्यायचं नसेल तिने दोन्ही दाणे टोपल्यात टाकावेत. निवडणुकीच्या यंत्रावरसुद्धा वरीलपैकी कोणी नाही असं बटण असतं, मग आपल्याकडे का नको? मला वाटतं त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदाच एवढं लांब बोलले. बाईंना पटलं. बऱ्याच जणींना पटलं. आमच्यातल्या भाभी, ज्यांचे मिस्टर आखातात असतात, त्या म्हणाल्या की बरं होईल, काही गोष्टीत खरंच आपलं काही मत नसतं.

फक्त निडीची नाही म्हणाली. तेही लाटता लाटता, हात न थांबवता. "नाय म्हणणारी मला समजते. तिच्याशी भांडता येतं. गप बसणारीचं काय करायचं? तिला कुठं पकडायचं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. ठराव मंजूर झाला, मडक्यात एकच चिंचोका निघाला, आणि तो आपला असं तिने स्वतःच सांगून टाकलं. रागावली वगैरे नाही. उलट जाताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, आज बोललीस बाई एकदाची.

दोन वर्षं त्या सोयीचा कोणाला काही त्रास झाला नाही. सहल हरिहरेश्वरला की अलिबागला, असल्या गोष्टींत दोनचार जणी गप्प राहायच्या.

मग निडीचीच्या बोटांवर पांढरे डाग आले. आधी उजव्या हाताच्या तर्जनीच्या टोकाला, पीठ लागल्यासारखं. मीच तिला म्हटलं होतं, अगं हात नीट पूस. तिने पुसला. गेलं नाही. दिवाळीपर्यंत दोन्ही हातांची बोटं आणि मागची बाजू पांढरी झाली. कोड. तिने अलिबागला जाऊन चामडीच्या डॉक्टरला दाखवलं, त्याने लिहून दिलं की याची लागण होत नाही, कोणाला काही होत नाही. तो कागद तिने न मागता गटात आणला आणि बाईंनी मोठ्याने वाचला. भाभींनी सांगितलं की त्यांच्या नणंदेला पंचवीस वर्षं आहे, घरातल्या कोणाला काही झालं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या आणि आम्ही पुन्हा लाटायला लागलो. मला खरंच वाटलं होतं, की संपलं.

होळीनंतर, ऐन हंगामात, जाऊबाई एक निरोप घेऊन आल्या. हायवेवरच्या ज्या दुकानात आमचे सगळ्यात जास्त पापड जातात तिथे दर आठवड्याला माल पोचवायचं काम त्यांचं. त्या दुकानदाराने कौतुकाने आमच्या पडवीचा व्हिडिओ करून मोबाईलवर टाकला होता. त्यात निडीचीचे हात दिसले. गिऱ्हाइकांनी नाही नाही ते लिहिलं. दुकानदार म्हणाला, त्या बाई लाटायला असतील तोवर माल नको. जाऊबाईंनी हे सभेत खाली बघून सांगितलं. निडीची समोरच बसली होती.

बाईंनी सुचवलं की तिने काही दिवस लाटणं सोडून पिशव्या भराव्यात. ती म्हणाली, मी लाटणारी हाय, लाटीन नायतर घरी जाईन. आवाज चढवला नाही. मग कोणी तरी म्हणालं की मत घ्या. बाईंना ते आवडलं नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण त्या तरी काय करणार? प्रश्न ठरला: निडीचीने लाटायचं चालू ठेवावं का? बाईंनी हेही आधीच सांगितलं की समसमान झालं तर जसं आहे तसंच चालू राहील. मत परवा दुपारी.

ते दोन दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. एकदा तर दूध उतू जाताना समोर उभी राहून बघत बसले. निडीचीने मला एका शब्दाने विचारलं नाही. बाजारातून एकत्र आलो, तिने मेथीची जुडी घेतली, मला निवडून दिली, आणि तिच्या मुलाच्या परीक्षेबद्दल बोलत राहिली. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं.  घरी जाऊबाई पुसलेला ओटा पुन्हा पुन्हा पुसत होत्या. मी मनाशी धरून चालले की त्या चिंचोका टाकणार. निरोप त्यांनीच आणला, त्यांच्याच हाताने तिथे माल जातो, आणखी काय करणार? मी वाल टाकला तर माझ्या तोंडावर उमटणार, आणि पुन्हा तो कढीपत्त्याचा महिना. आणि चिंचोका टाकायचा तर, छे. तो विचारसुद्धा मी पुरता केला नाही.

मताच्या दिवशी निडीची पहिली उठली. म्हणाली, माझ्याच गोष्टीत मी मत टाकणं बरोबर नाय. फडकं बाजूला करून सगळ्यांना दिसेल असे तिने दोन्ही दाणे टोपल्यात टाकले आणि आपल्या पोळपाटाशी जाऊन बसली. उरलो दहा जणी.

माझी पाळी सातवी होती.  फडक्याखाली हात घातला आणि चिंचोका टोपल्यात सोडला. म्हणजे वाल टाकायचा हे माझ्या हाताला ठाऊक होतं, हे मला नंतर किती वेळा आठवलं. मग हात मडक्यावर गेला. मडक्याच्या थंड काठाला बोटं टेकली. आणि तिथे माझ्या डोक्यात आलं, की वाल नाही टाकला तर मला दोघींनाही खरं सांगता येईल, मी तुझ्याविरुद्ध नाही गेले. एकीलाही खोटं सांगावं लागणार नाही. मला ते फार चांगलं वाटलं. तेवढ्यात मागची म्हणाली, आटप गो. मी हात बाहेर काढला. वाल मुठीतच होता. टोपल्यात टाकायचंही सुचलं नाही. तसाच पदराच्या टोकाला बांधला.

बाईंनी मडकं ताटात उपडं केलं. चार वाल, पाच चिंचोके. त्यांनी मडक्यात हात घालून तळ चाचपला, मडकं पुन्हा उलटं करून वर थापट्या मारल्या. काही पडलं नाही. एक कमी आहे, त्या म्हणाल्या, म्हणजे एकीने मत दिलेलं नाही. ताटातले ते नऊ दाणे मला अजून दिसतात. पाच आणि चार. मला हिशेब लगेच कळला, कळायला उशीर झाला असता तर बरं. दहावा दाणा माझ्या पदरात होता. तो पडला असता तर पाच आणि पाच, आणि ती तिथेच बसली असती.

मी तेव्हाही बोलू शकले असते. पदराची गाठ सोडून म्हणायचं होतं, बाई, माझा राहिला, हा घ्या. नियमात बसलं नसतं कदाचित. पण बोलता आलं असतं. मी गाठ चाचपली आणि आणखी घट्ट केली.

निडीचीने तिचं लाटणं पुसलं. ते तिच्या आईचं, सागवानी, गटाचं नव्हे. ते पिशवीत घातलं, सगळ्यांना येते म्हणाली आणि निघाली. मी मागोमाग धावले. गल्लीच्या वळणावर तिने थांबून बोटांवर मोजलं. त्याच बोटांवर. "चौघी माझ्या होत्या. बाई, भाभी, वजनकाट्यावर पापड तोलते ती, आणि तू. त्या पाच जणींचा मला राग नाय. लोकांना घाबरल्या, घाबरतात माणसं. पण ती एक जी गप बसली ना, ती तुझी जाऊ. आग लावली आणि हात झटकून बाजूला झाली. तिचं तोंड मला बघायचं नाय."

मी म्हटलं, हं.

एवढंच. हं. त्यात होकार नाही, नकारही नाही. तिने माझा हात दाबला आणि गेली.

शाळा सुरू व्हायच्या आधी ते लोक रोह्याला राहायला गेले. तिच्या मिस्टरांची कंपनी तिकडेच, शिफ्टला रोज पेणहून जाण्यापेक्षा तिथे खोली घेतलेली बरी, असं कारण सांगितलं. तिकडे तिने कंपनीतल्या मुलांचे डबे सुरू केले. मला फोन करायची. दर वेळी कधी तरी म्हणायची, तू होतीस म्हणून त्या दिवशी मला धीर होता. फोन वाजला आणि तिचं नाव दिसलं की मी आधी हातातलं काम संपवत बसायची. कधी कधी उचलायचीच नाही, मग रात्रभर वाटायचं की तिला कळलं असेल म्हणून तिने केला होता. पदरातला तो वाल मी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला होता. टाकून का नाही दिला? टाकवला नाही. सुटे पैसे काढताना बोटांना लागायचा आणि माझं लक्ष उडायचं. एकदा रिक्षावाल्याला पैशाऐवजी तोच देत होते.

मार्गशीर्षात जाऊबाईंच्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका द्यायला त्या स्वतः रोह्याला निडीचीकडे गेल्या होत्या, मला न सांगता. निडीचीने दारातच पत्रिका घेतली, आत या म्हणाली नाही. लग्नाला आली नाही. सगळं पार पडल्यावर, पूजेची तांब्याची भांडी पुसता पुसता जाऊबाई एकदम रडायला लागल्या. त्यांना रडताना मी सासूबाई गेल्या तेव्हाच पाहिलं होतं. म्हणाल्या, "मी वाल टाकला होता गो."

माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला. विचारलं, मग तुम्ही तिला सांगितलं का नाहीत?

"निरोप मीच आणला. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? आणि वाल चारच निघाले. तिने तिच्या चौघी मोजल्याच असतील. मी पाचवा कुठून दाखवू?"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तसंच, आधण ठेवताना पाहिलं होतं तसं. या वेळी काही विचारलं नाही. पुन्हा भांडं पुसायला घेतलं. आठ महिने ती बाई त्या घरात माझ्यासमोर वावरत होती, आठ महिने मी तिला मनात दोष देत होते, आणि कोणाच्याही विरुद्ध गेले नाही म्हणून स्वतःला समजावत होते.

दुसऱ्याच दिवशी मी रोह्याची गाडी पकडली. दुपारची, अर्धी रिकामी. खिडकीशी बसले आणि पर्स मांडीवर घट्ट धरली, जणू कोणी ती हिसकावणार होतं. घरून निघताना सगळं वाक्यात जुळवलं होतं. कासू येईपर्यंत वाक्यं विसरले. माझं माहेर, नागोठणं, आलं तेव्हा वाटलं, इथेच उतरावं, भावाकडे चहा प्यावा आणि परत जावं.  बाईंनी पुढच्या सभेत विषय ठेवलाय, मत न देण्याची सोय ठेवायची की काढायची. मी ती मागितली म्हणून पहिलं मीच बोलावं असं त्यांनी सांगितलंय. काय बोलू? काढून टाका म्हणू? पण मग निडीचीचं काय? तिनेही त्या दिवशी मत दिलं नव्हतं. आपल्याच गोष्टीत मत देऊ नये म्हणून दिलं नाही, आणि फडकं बाजूला करून, सगळ्यांच्या देखत. ते मला आजही बरोबर वाटतं. तिचे दाणे उघड पडले, माझा फडक्याखाली लपला. बाईंच्या मोजणीत मात्र दोन्ही सारखेच, मडक्यात दोन कमी. गाडी निडीला थांबली तेव्हा मी ठरवलं की सभेत एवढं म्हणेन: मत द्यायचं नसेल तर नका देऊ, पण उभं राहून सांगा, आणि का ते सांगा. फडकं त्यासाठी नाही. फलाटावर तिच्या गावाचं नाव वाचलं आणि पर्समध्ये हात घालून वाल आहे ना ते पाहिलं.

रोह्याला तिची खोली शोधायला फार वेळ लागला नाही. डबेवाली म्हटल्यावर कोणीही सांगत होतं. दार उघडंच होतं. ती जमिनीवर बसून रात्रीच्या डब्यांसाठी बिरडं सोलत होती. भिजवून मोड आणलेल्या वालांचा ढीग ताटात, सालं एकीकडे, पांढरे दाणे पाण्याच्या पातेल्यात. डाग मनगटापर्यंत आले होते. मला बघून तिला एवढा आनंद झाला की मला दारातूनच पळून जावंसं वाटलं. पाणी दिलं, आधी जेवलीस काय विचारलं, कळवायचं नाय काय म्हणून ओरडली. मी भिंतीला टेकून बसले.

मी काही जुळवून बोलले नाही. पर्स उघडली, तो वाल काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. म्हटलं, तो राहिलेला दहावा माझा. जाऊबाईंचा नव्हे. त्यांनी टाकला होता. मी नाही टाकला.

ती सोलत राहिली. एक दाणा, दुसरा दाणा. मला वाटलं ऐकूच गेलं नसेल. मग तिने तो वाल उचलला, दोन बोटांत धरून बघितला. इतके महिने पर्समध्ये राहून तो काळपट आणि टणक झाला होता.

"हा आता यात घालता येत नाय," ती म्हणाली. "बाकीचे भिजलेत. हा एकटा कच्चा राहील, कोणाच्या तरी दाताखाली यायचा." आणि तो परत माझ्यासमोर, जमिनीवर ठेवला.

मी रडायला लागले. तिने रडू दिलं. मग फोन मागितला. माझा नको, तुझा दे, म्हणाली, माझा नंबर बघून तुझी जाऊ उचलायची नाय. मी जाऊबाईंना लावून दिला. तिने ओल्या हाताने फोन कानाला धरला आणि म्हणाली, मी बोलतेय, निडीची. पलीकडून जाऊबाईंचा हुंदका मला इथे ऐकू आला. मग निडीचीने लग्नाचं विचारलं. मुलगी कुठे दिली, जावई काय करतो, शालू कुठला घेतला. चुकलं माझं, असं ती दोनदा म्हणाली. दारात उभं केलं तुम्हाला, चुकलं. येत्या रविवारी पेणला येते, पोरीला घरी बोलवून ठेवा, असं सांगून तिने फोन मला दिला आणि फोनवरचं पाणी आपल्या पदराने पुसलं.

पाच वाजत आले होते. मला परतीची गाडी होती. मी म्हटलं, तू परत ये गटात. आता त्या हायवेवाल्याकडे माल जात नाही, दुकानं दुसरी आहेत, मी सभेत बोलणार आहे, सगळ्यांदेखत सांगणार आहे माझं. ती म्हणाली, ते तू सांग, ते तुझं काम हाय. यायचं काय ते मी नंतर बघीन. इथे चाळीस डबे लागलेत.

उठवेना मला. खरं तर एवढ्यावर समाधान मानून निघायला हवं होतं. पण माझा स्वभाव. मी विचारलंच.

"माझ्यावर रागावलीस का?"

तिने ताट माझ्याकडे सरकवलं, म्हणजे अर्धे वाल माझ्यासमोर आले. मी सोलायला घेतले. दाणे बोटांतून निसटत होते. ती माझ्या हातांकडे बघत होती. मला आशा होती की ती म्हणेल, जोर नको लावू गो.

"तू चिंचोका टाकला असतास तर मी चार दिवस बोलले नसते," ती म्हणाली. "पाचव्या दिवशी भांडले असते. मग संपलं असतं."

"म्हणजे रागावलीस."

"मी व्हय म्हणाले काय?"

"मग नाही?"

तिने पातेल्यातलं पाणी बदललं, सालं गोळा केली, खिडकीबाहेर टाकली. माझ्याकडे वळून बघितलं नाही.

"नाय पण म्हणाले नाय," ती म्हणाली. "बस आता तशीच."